हर्रास पुकारणारे सर

आमचे सर आता अकोल्याच्या बाजारात हर्रास पुकारतात. संत्र्याचे ढीग लागतात, व्यापारी गोळा होतात, आणि माझा नवरा, ललित तायडे, अर्थशास्त्रात पीएच.डी., गळ्याच्या शिरा ताणून लिलावाची बोली चढवत नेतो. मी त्यांना घरातही सरच म्हणते. आधी कौतुकानं म्हणायची, आता सवयीनं.

अमरावतीला ते विद्यापीठात तासिकेवर शिकवायचे. एप्रिलमध्ये तास संपायचे, जुलैत पुन्हा बोलावणं यायचं, कायम काही कुणी करायचं नाही. माझी शाळेतली बदली अकोल्याला झाली तेव्हा त्यांनी स्वतःहून सोडलं. इथल्या एका जयंतीच्या कार्यक्रमात माइक बंद पडला तरी त्यांचं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, ते अडत्या बंडूभाऊंनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी सरांनी भाव पुकारला आणि थांबले. वर्गात थांबायचे तसे, कुणाला कळलं, कुणाला नाही हे चेहऱ्यांवर बघत. व्यापाऱ्याला वाटलं बोली तुटली, ढीग तेवढ्याच भावात आपला झाला. त्यानं ढीग उचलायला हमाल लावले आणि संत्रावाल्यानं आरडाओरडा सुरू केला.

"सर, इथं कोनाले समजून घ्याचं नसते," बंडूभाऊ म्हणाले. "तुमी बोलत राहा फक्त."

तेव्हापासून ते बोलत असतात, पण बाजारातच. पूर्वी वर्गातले वाद ते जेवणाच्या ताटावर आणायचे आणि मी वैतागायची. आता मुकाट जेवतात, आणि मला त्या वादांची आठवण येते. जुलै लागला की कॉलेजची पोरं रस्त्यानं जातात आणि सर गॅलरीतून हलत नाहीत.

या जुलैत रश्मी मॅडमचा फोन आला. त्या विभागातल्या जुन्या सहकारी. तासिकेची जागा रिकामी होती. "एक तास घेऊन तर बघा," म्हणाल्या. सरांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली आणि बंडूभाऊंकडे सुट्टी मागून अमरावतीला गेले.

परतताना त्यांची गाडी चुकली.

"मोर्शीची एक पोरगी होती," हातपाय न धुताच सांगायला लागले. "म्हने, सर, आमचा संत्रा जास्त आला की आमचंच नुस्कान काहून होते? बेल झाली तरी कोनी उठलं नाई, नीलम! फळा भरला माहा!"

ताट वाढलेलं तसंच. ते हातवारे करून सांगत होते आणि मी बघत होते. माझा नवरा मला परत मिळाला होता.

"मंग हो म्हना ना," मी म्हटलं.

त्यांनी फोन लावला. "नाई जमनार, मॅडम," एवढंच बोलले आणि ठेवला.

मी भडकले. "काहून? आता तं नाचून राहिले होते!"

"तास एप्रिलपर्यंतच हायेत." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मांगच्या खेपेले मी कसा जगलो ते मलेच ठाऊक. ते पोरं दुसऱ्यांदा सोडनं मले जमनार नाई."

त्यांनी ताट ओढलं आणि गार झालेली भाकर मोडली. मला भांडायचं होतं, ते राहूनच गेलं.