बुजगावण्याच्या जागी

हिवाळा लागला की आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर समुद्र सुरू होतो. कोकणातली मंडळी खाडीच्या चिखलात गुडघाभर उभी राहून फोटो टाकतात. ओहोटीला उघडी पडलेली जमीन, तिच्यावर चोची खुपसत फिरणारे पाणपक्षी, मागे सोनेरी लाटा. आम्ही हिंगोली जिल्ह्यातली माणसं त्यावर अंगठे उमटवतो आणि गप्प बसतो. सेनगावच्या स्टँडवरून समुद्राची गाडी सुटत नाही.

आमच्याकडे आहे ते येलदरी धरणाच्या मागं फुगलेलं पाणी. त्याला शिकलेले, न शिकलेले सगळेच 'बॅकवाटर' म्हणतात. दिवाळीनंतर ते हळूहळू उतरतं, काठाला काळाभोर ओला गाळ उघडा पडतो आणि उत्तरेकडचे पाहुणे येऊन उतरतात. वारा सुटला तर लाटासुद्धा येतात. डोळे बारीक केले की समुद्रच. मी नेहमी डोळे बारीक करूनच बघतो, म्हणून माझ्या हातून काही घोटाळे होतात. एकदा मी ग्रुपवर 'समुद्राकडचा दुर्मिळ कुरव आमच्या पाण्यावर' असं टाकून मोठी वाहवा घेतली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी फोटो मोठा करून बघितला. तो मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा होता. तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव थर्माकोल सर.

यातलं 'सर' तेवढं खरं आहे. तेही पूर्ण खरं नाही. मी कॉलेजात क्लार्क आहे, पण आमच्याकडे कॉलेजच्या फाटकातून आत जाणारा शिपाईसुद्धा सर असतो.

तर या काठावर एका मावशीचा गहू होता. मावशी जवळच्या तांड्यावरची. तिच्या सासऱ्याचं रान धरणात गेलेलं, पण पाणी उतरलं की त्यातला एक तुकडा दर हिवाळ्याला वर येतो. त्या ओल्या गाळात ती गहू पेरते. विहीर नाही, मोटार नाही, जमिनीत जी ओल असेल तेवढ्यावर पीक. "आमचं रान माहेरवाशीण हाय," ती म्हणायची. "हिवाळ्यात येतंय, पावसाळ्यात परत जातंय."

त्या वर्षी तिच्या गव्हाला काम नेमून दिलेलं होतं. मुलाला पहिली मुलगी झाली होती. तांड्यावर वर्षभरात जन्मलेल्या लेकराची होळीला धुंड करतात. आईच्या मांडीवर लेकरू, त्याच्यावर आडवी काठी धरायची, आणि गडी माणसं त्या काठीवर काठ्या वाजवत लेकराला आयुष्य मागणारं गाणं म्हणतात. मग साऱ्या तांड्याला पुऱ्या. पण ही रीत मुलग्याची. पोरीची कुठं धुंड असते काय, असं एका म्हाताऱ्याने तिला सुनावलं होतं. त्यावर मावशीने सांगितलं की कोणाच्या दारात मागायला येणार नाही, माझ्या रानाच्या गव्हाच्या पुऱ्या करीन आणि नातीची धुंड करीन. मुलगा ऊसतोडीला गेलेला, होळीलाच परतणार. नवऱ्याचे गुडघे गेलेले. म्हणजे तो शब्द खरा करायला मावशी एकटी आणि तिचं बुजगावणं. हे सगळं तिने मला धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर बसून, चहा पाजून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच राहिली नाही.

बुजगावणं मोठं रुबाबदार होतं. मडक्याचं डोकं, त्याला चुन्याचे डोळे, अंगात मावशीच्या मालकाचा लाल सदरा.

जानेवारीच्या सुरुवातीला हंस आले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी राजहंस. गव्हाच्या कडेच्या गवतात सकाळच्या उन्हात ते असे काही उभे राहिले की मी लगेच कॅमेरा काढला. फोटो काढावा तर प्रत्येक फोटोत मधोमध लाल सदरा. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांमागे चुन्याचे डोळे वटारलेलं मडकं. कोकणवाले काय म्हणतील. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो, ते बुजगावणं उपटलं आणि अलगद आडवं ठेवलं. अलगद म्हणजे माझ्या मानाने अलगद. मडकं फुटलं. फोटो झाल्यावर काहीतरी करू, असं म्हणून मी धुऱ्यावरच्या झुडपामागं पालथा पडलो.

फोटो अप्रतिम आले. इतके की त्या आनंदात मी गाडीला किक मारली आणि थेट कॉलेज गाठलं.

त्यानंतर रविवार येईपर्यंत मी फोटोच बघत होतो. मावशीही त्या दिवसांत नातीला ताप म्हणून रानाकडे फिरकली नव्हती. रविवारी मी काठाला पोचलो तेव्हा ती तांड्याकडून येत होती. मी तिला वाटेतच गाठलं आणि कॅमेऱ्याचा पडदा पुढे धरला.

"बघा मावशी, तुमच्या रानातले पाहुणे."

तिने पदराला हात पुसले, डोळे जवळ नेले. "लई साजरे दिसून राहिले."

मी फुगलो. पुढचा फोटो दाखवला, अगदी जवळचा, चोचीसकट.

"अन् हे हिरवं काय हाय यांच्या तोंडात?"

"त्यांचं खाद्य," मी माहिती पुरवली.

"त्यांचं?" मावशीने बोट पडद्यावर तसंच ठेवलं. "अन् माझं बुजगावणं काहून दिसंना ह्याच्यात?"

"फोटोत मधे येत होतं, म्हणून जरा आडवं ठेवलं."

"मग उभं कवा केलं?"

आपल्या गुन्ह्याचा असा स्वच्छ, रंगीत पुरावा स्वतःच्या हाताने, कौतुकाच्या अपेक्षेने फिर्यादीला नेऊन देणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा. आम्ही रानात गेलो. पाण्याच्या बाजूचा पट्टा न्हाव्याने मशीन फिरवावी तसा साफ झालेला. मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, एक खुडलेलं ठोंब बोटांनी उकरून बघितलं आणि परत माती लोटली.

"मुळी धरून हाय," ती म्हणाली. "थंडी टिकली अन् ह्यांनी परत तोंड न्हाई लावलं, तर फुटंल." मग माझ्याकडे वळली. "बुजगावणं मोडलं तुमी. आता त्याच्या जागी तुमीच उभं राहा."

मला वाटलं रागात बोलतेय. ती काम वाटून देत होती. सकाळी कॉलेजच्या आधी मी, नंतर ती.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीवरचे पारवे हाकला म्हणून बोंबलते, तर उठत नाही तुम्ही. आणि तिकडे हंस हाकलायला चाललात." पण थर्मासमध्ये चहा तिनेच भरून दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शेतात उभा. अंगात माझं खास जाकीट, हिरव्या-मातकट ठिपक्यांचं. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून घेतलेलं. आजवर ते घालून मी कितीदा सरपटत गेलो आणि दरवेळी हंस मला लांबूनच बघून उडाले. त्या दिवशी मी मधोमध उभा, हात पसरून, तोंडाने हाड-हाड करतोय, आणि हंस आपले शांतपणे चालत गव्हाकडे येतायत. एकाने तर माझ्याकडे बघून मान वळवली, ओळखीचा खांब दिसावा तशी.

मावशी आली तेव्हा हसू दाबत म्हणाली, "सर, ते काढा. तुमी दिसूनच न्हाई राहिले त्यांना."

"थंडी आहे मावशी."

"मग हे घाला वरून." तिने बुजगावण्याचा लाल सदरा पुढे केला.

तो मी घातला. जाकिटावरून तो बरोबर बसला, म्हणजे बुजगावण्याचा आणि माझा घेर सारखाच होता. लाल सदरा बघून हंस खरोखर मागे सरकले. पण रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधल्या एकाने मला ओळखलं, आणि दुपारी कॉलेजात टेबलापाशी येऊन त्याने विचारलं, "सर, पेन्शनला अजून वेळ आहे ना?"

दोन-चार दिवसांत हंस सदऱ्यालाही सरावले. मग गोफण झाली. मावशीची गोफण मी डोक्याभोवती ऐटीत फिरवली, आणि दगड सुटला तो मागे, माझ्याच गाडीच्या आरशावर. हंसांनी त्या आवाजाकडे क्षणभर बघितलं आणि चरायला लागले.

"तुमी नुसते उभंच राहा," मावशी म्हणाली. "हलू नका. नुकसान कमी होतं."

तो खुडलेला पट्टा आम्ही रोज बघायचो. मातीतून काही येत नव्हतं. मावशीने पुऱ्यांचा विषय काढणं सोडलं होतं, आणि तेच मला बोचत होतं. एकदा चहा पिताना ती सहज म्हणाली, "तो पोरीची धुंड नसते म्हणणारा म्हातारा इचारत होता, गहू कसा हाय म्हणून." मी कप विसळायला उठलो.

त्या सकाळी परतताना मला माझीच एक जुनी फजिती आठवली. मागच्या हिवाळ्यात मी हुशारी करून पाण्याच्या अगदी काठाला झुडूप लावून त्यामागं पालथा पडलो होतो. हंस पाण्यातून काठाला लागले, झुडूप बघितलं आणि चक्क मागे फिरले. तास-दीड तास चिखलात पडून मला फक्त पडसं मिळालं होतं. आता डोक्यात उजेड पडला. हे हंस पाण्यातून निघून चालत गव्हात येतात, आणि चरताना त्यांना पाठीमागचं पाणी दिसत राहावं लागतं. कोल्हा आला तर पळायला. मधे आडोसा असेल तर ते बिचकतात. म्हणजे बुजगावणं शेतात नको होतं. पाणी आणि गहू यांच्या मधे बुटकं कुंपण हवं होतं.

मी मोठ्या उत्साहात कुणाकडून तरी कडब्याच्या पेंढ्या आणल्या आणि काठाने ओळीत रोवल्या. कुंपण देखणं झालं. संध्याकाळपर्यंत मावशीच्या म्हशीने ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खात नेलं.

मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "सर, तुमी शिकले कुठं?"

"सेनगावात."

"म्हशीला काय आवडतं ते न्हाई शिकवलं?"

पण कुंपणाची गोष्ट तिला पटली होती. कारण तेवढा वेळ, म्हैस जेवत असतानाही, हंस काठावरून वर चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचे भारे डोक्यावर घेऊन आली. पऱ्हाटी कुणी खात नाही. आम्ही दोघांनी मिळून गुडघ्याएवढी ओळ लावली. मी रोवलेल्या काड्या ती मागून येऊन परत रोवत होती.

दुसऱ्या सकाळी हंस आले. पाण्यातच थांबले, माना उंच करून पऱ्हाटीकडे बघितलं. मग आपापसात काहीतरी बोलत वळले आणि पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांच्या बेटाला वळसा घालून तिथल्या गवतात चरायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा पक्षी दूर जाताना बघून खूश झालो.

मग उरली थंडी. ती टिकावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, आणि घरी बायको त्याच देवाला ती जावी म्हणून. कुणाचं ऐकावं हा त्याचा प्रश्न. एका धुक्याच्या सकाळी मी पोचलो तर मावशी त्या खुडलेल्या पट्ट्यात उकिडवी बसलेली. मला वाटलं पुन्हा काही झालं. जवळ गेलो. ठोंबांतून कोवळे फुटवे वर आले होते, बोटाएवढे, दव झेललेले. मावशी त्यांना हात लावत नव्हती. नुसती बघत होती.

"फुटला," ती म्हणाली.

मी कॅमेरा काढला आणि गव्हाचे फोटो काढले. ग्रुपवर एक टाकला. कोकणातून विचारणा झाली, यात पक्षी कुठाय. मी सांगितलं, पक्षी नाही हेच यात बघण्यासारखं आहे. त्यांना वाटलं, थर्माकोल सर आता पूर्णच गेले.

होळी आली तोवर वरचा, पाण्यापासून लांबचा गहू पिवळा होऊन घरात आला होता. चरलेला पट्टा मात्र मागे राहिला, अजून हिरवाच. पण पुऱ्यांना वरचा पुरला. मुलगा ऊसतोडीहून आला होता. नात आईच्या मांडीवर, नव्या झबल्यात, सगळ्या गोंगाटात डोळे मोठे करून बसलेली. मी फोटोसाठी जागा शोधत होतो तर मावशीने हाताला धरून ओढलं.

"फोटो मागून. काठी धरा."

लेकराच्या वरच्या आडव्या काठीचं एक टोक माझ्या हातात आलं. दुसरं टोक धरलं होतं त्या आक्षेप घेणाऱ्या म्हाताऱ्याने. काठ्या वाजायला लागल्या, गाणं सुरू झालं. मला शब्द येत नव्हते, मी ओठ हलवत होतो. म्हातारा मात्र खणखणीत म्हणत होता, आणि मधेच त्याने मला डोळ्याने खुणावलं की टोक वर धर, पोरीच्या डोक्याला लागेल. नंतर पुऱ्या खाणाऱ्यांत तोच पुढे होता.

निघताना मावशी म्हणाली, "थांबा सर." चुलीवर हिरव्या ओंब्या भाजत होत्या. मागे राहिलेल्या पट्ट्यातल्या. तिने त्या सुपात चोळल्या, फुंकर मारून टरफलं उडवली आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत घातले.

"घ्या. तुमच्या हंसाचं उष्टं."

मी घाईत तोंडात टाकले आणि जीभ भाजून घेतली. तरी गोड लागले.

तेवढ्यात वरून आवाज आला. हंस चालले होते, लांब वाकडी रांग करून, उत्तरेला. तांड्यावरच्या कुणी वर बघितलं नाही, मावशीने मात्र बघितलं. हात कपाळावर धरून, रांग बारीक होईपर्यंत.

"पुढल्या साली येतील का हे?" तिने विचारलं.

"येतील मावशी. पाणी उतरलं की येणार."

"येऊ द्या," ती सूप झटकत म्हणाली. "पऱ्हाटी न्हाई जाळली म्या, ठेवून दिलीय. लाल सदरा बी धुऊन ठेवलाय."