आय आणि जे एकच असले तर

विरुपाक्ष कलशेट्टी सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. १९७७ साली अख्ख्या कॉलेजात प्रोग्रॅम लिहिता येणारे ते एकटेच, आणि तेही पुस्तकावरून स्वतः शिकलेले. संस्थेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची यादी गुणांप्रमाणे लावायचा प्रोग्रॅम ते कागदावर लिहीत; पुण्याला त्याची भोकांची कार्डं पाडून तो तिथल्या कॉम्प्युटरवर चालवला जाई.

त्या जूनमध्ये रत्नम्मा येमूल रुजू झाली. विणकराची लेक, मुंबईहून एम.एस्सी. होऊन आलेली. कॉम्प्युटरच्या ज्या प्रशिक्षणासाठी विरुपाक्षांनी सात वर्षं अर्ज केले, ते ती शिकता शिकताच उरकून आली होती. स्टाफरूममध्ये कुणी 'कॉम्प्युटरच्या बाई' म्हटलं की त्यांना चहा कडू लागायचा.

प्राचार्यांनी प्रोग्रॅम तपासायला तिच्याकडे दिला, हे त्यांना फार लागलं. बासष्ट, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर असे तीन आकडे घालून त्यांनी तो स्वतः तपासला होता. उत्तर चोख आलं होतं.

रत्नम्मानं आकडे घेतलेच नाहीत. त्यांच्या जागी अक्षरं घातली. कॉम्प्युटरच्या स्मृतीतल्या दोन घरांतले गुण एकमेकांत बदलताना विरुपाक्षांनी तिसरं घर न वापरता बेरीज-वजाबाकीवर भागवलं होतं. ती त्यांच्या अभिमानाची युक्ती. तिनं त्या घरांचे क्रमांकही अक्षरंच ठेवले, आय आणि जे. कुठल्या घरात लिहिलं हेच नक्की नसताना जुनं खोडायचं कसं? म्हणून ती काहीच खोडत नव्हती. लिहिलेलं सगळं क्रमानं एकाखाली एक मांडायची, आणि घर वाचायची वेळ आली की खालून वर जात विचारायची, हे तेच घर की दुसरं? प्रत्येक उत्तराला वेगळा कागद.

"सर, आय आणि जे वेगळे असले तर बरोबर येतंय," ती म्हणाली. "एकच असले तर घरात शून्य राहतंय."

"स्वतःची स्वतःशी अदलाबदल कोण करेल?"

"ज्याचे गुण आधीच योग्य जागी आहेत, त्याची होईल की."

विरुपाक्षांना ते तिथल्या तिथं पटलं. पटलं म्हणूनच अंगाची लाही झाली. बघतो म्हणाले, कागद खणात टाकले आणि प्रोग्रॅम होता तसा पुण्याला धाडला.

यादी आली. पहिल्या ओळीत बार्शीची मनकर्णा, आणि नावापुढं शून्य. खाली आणखी अकरा जणांचं तेच.

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा विरुपाक्षांनी कार्डं पाडणाऱ्यावर ढकललं. प्राचार्य लगेच कारकुनाला तक्रारीचं पत्र सांगू लागले. असल्या माणसाला कामावरून काढावं, असंही त्यात घातलं. रत्नम्मा समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. तिनं आपल्याला सांभाळून घ्यावं, हे मात्र विरुपाक्षांना सोसवेना.

"पत्र राहू द्या," ते म्हणाले. "चूक माझी आहे. बाईंनी दाखवली होती, मी दाबून ठेवली."

यादी जाहीर होण्याआधी दुरुस्त झाली, मनकर्णाला शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या वर्षी संस्थेनं रत्नम्माला संशोधनासाठी मुंबईला पाठवलं. निरोपाला विरुपाक्ष चार शब्द चांगले बोलले. घरी येऊन बायकोला, गंगम्माला, म्हणाले, पोरगी लई हुशार. मग तोंड का उतरलंय, असं तिनं विचारलं, तर ते अंघोळीला गेले.

अक्षरांची ती रीत ते पुढं दरवर्षी वर्गात शिकवत. ती कुणाकडून शिकलो, हे सांगायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.