भोंगा बंद झाला तेव्हा

त्या सकाळी मी भैरवनाथापुढे हात जोडून बसले होते खरी, पण मनात श्रद्धा कमी आणि रागच जास्त होता. इतकी वर्षं रविवार धरले ते कशासाठी, असं सारखं वाटत होतं. आमचं गाव दौंडच्या अलीकडे, भीमेच्या काठावर. धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडचे पुरुष आधी नदीवर धावतात, काठावरची पाण्याची मोटर वर ओढायला. कितीही बजावा, ऐकत नाहीत. हेही आदल्या संध्याकाळी तसेच गेले. बरोबरचे परतले, हे मोटरीचा दोर सोडवत मागे राहिले आणि पाणी उसात शिरलं. एरवी यांच्या खोकल्याचा मला वैताग यायचा. त्या सकाळी तोच खोकला एकदा कानावर पडावा म्हणून जीव नुसता तळमळत होता.

उजाडल्यावर दौंडहून बचाव पथकाची बोट आली. पथकातली माणसं आदल्या दिवसापासून पाण्यातच होती, डोळे तांबडे झालेले. त्यात आमचं गाव म्हणजे विचारू नका. एक म्हणे विहिरीकडे बघा, दुसरा म्हणे बाभळीकडे, आणि सगळे मोटरीच्या जागेभोवतीच शोधणार. वरून देवळावरचा भोंगा. हे सापडावेत म्हणून मंडळींनी जनरेटर लावून संध्याकाळपासून नामजप चालू ठेवला होता, आवाज पूर्ण वाढवून. पथकाच्या प्रमुखांनी दबकतच विचारलं, थोडा वेळ बंद करता का. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, देवळाचे कारभारी. ते म्हणाले, माणूस सापडेपर्यंत देवाचं नाव थांबवायचं नाही. प्रमुख पुन्हा बोटीकडे वळले. परक्या गावात देवाच्या गोष्टीत कोण तोंड घालणार? मलाही आबांचंच पटलं. त्या जपाच्या आधारावर तर मी तग धरून होते.

बोट पुन्हा रिकामी आली, तेव्हा पायरीवर बसलेली एक म्हातारी उठली. काठच्या सगळ्या वस्त्या देवळात आल्या होत्या, त्यामुळे ती दुसऱ्या कोणाची तरी पाहुणी असेल असंच प्रत्येकाला वाटलं होतं. ती आबांपुढे जाऊन हळूच म्हणाली, "आबा, रातभर तुमीच बोलताय. देवाला काय सांगायचं आसंल तर त्यानं कवा सांगायचं?"

आबांनी आत जाऊन स्वतःच्या हाताने भोंगा बंद केला, जनरेटरसकट. तेवढ्याने प्रमुखांनाही धीर आला. त्यांनी बोटीचं इंजिन थांबवायला लावलं आणि सगळ्या गावाला हातानेच गप्प केलं. इतकी शांतता मी आमच्या गावात कधी अनुभवली नव्हती. मी काही मागायचंही विसरले. आणि उसाच्या पार पलीकडून, जिकडे कोणी बघतच नव्हतं, तिकडून एक घोगरी हाक आली. ती माझ्या नावाने होती. लग्नापासून यांनी चारचौघांत मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

एका लिंबाच्या फांदीवरून यांना उतरवून आणलं. अंग पार काकडलेलं, आणि पहिलं वाक्य काय, तर मोटर गेली. मी रडता रडता हसले. घरी गरम चहा पोटात गेल्यावर म्हणाले, "जप ऐकू येत हुता तवर वाटायचं, गाव जागं हाय, येतील. वरडून काय उपेग न्हवता, तुमाला ऐकूच जात न्हवतं. जप थांबला तवा वाटलं, समद्यांनी आशा सोडली. म्हणलं, जाता जाता तुला एकदा हाक मारावी."

म्हातारी मात्र पुन्हा दिसली नाही. ती कोणाचीच पाहुणी नव्हती. कोणी म्हणतं भैरवनाथाची जोगेश्वरी होती, कोणी म्हणतं पाटसकडच्या कोणाची आत्या. मी वाद घालत नाही. तिच्या पायावर डोकं ठेवायचं राहून गेलं, ती हुरहूर काही केल्या जात नाही.

हल्ली दुपारी देऊळ रिकामं असताना मी जाऊन बसते. मागण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते त्याला माहीतच आहे. त्याने कधी हाक मारलीच तर ती मला ऐकू यावी, म्हणून मी गप्प बसते.