निजलेल्या पेशी आणि नलूताई

फोन आला तेव्हा हे सुजितला खाटेवरून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवत होते, म्हणून मीच स्पीकर लावला. नलूताई गेल्या... हृदय बंद पडलं. बहिणीच्या मरणाची बातमी यांनी पोराला उचलून धरूनच ऐकली. त्याला खाली ठेवायचं यांना सुचेचना.

त्या फोनला आता महिना होऊन गेला. नणंद म्हणून त्यांचं-माझं कधी फारसं जमलं नाही. आमच्याकडे दारव्ह्याला आल्या की माझ्या वरणात खोट काढायच्या आणि वर पुन्हा वाढून घ्यायच्या. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या स्नायूंच्या पेशी वाढवत. सुरुवातीला म्हणे त्यांच्या पेशींचा स्नायूच होईना. भरपूर खुराक मिळतो तोवर पेशी नुसत्या वाढत राहतात; तो तोडला की मग एकमेकींना जुळून त्यांचे तंतू होतात. ताईंना तो तोडवेना. आमच्या घरी पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी एक पोळी पडतेच, तीच सवय. प्रयोगशाळेतल्या सरांची बोलणी खाल्ली तेव्हा कुठे थांबल्या. ही गोष्ट सांगताना स्वतःच हसायच्या.

सुजित दुसरीत असताना गुडघ्यांवर हात टेकून जिना चढू लागला. डॉक्टरांनी स्नायू झिजण्याचा आजार सांगितला, पण यांना पटेना. पोरगं आळशी झालंय म्हणून रोज सकाळी अंगणात उठाबशा. मी नको म्हटलं की माझ्यावरच ओरडायचे. त्याच्या धापा मला आत चुलीपर्यंत ऐकू यायच्या.

त्या दिवाळीत ताई आल्या आणि चप्पलही न काढता अंगणात यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“बंद कर, राजू.”

“काहून? मेहनतीनंच अंग बनते.”

“तुह्यं बनते. जरासा स्नायू तुटला की बाजूच्या निजलेल्या पेशी जाग्या होतात. मायोडी नावाचं प्रथिन त्यायच्या आत हुकूम सोडते, आता स्नायू व्हा. मंग त्या जुळून तुटलेलं भरून काढतात. याचा स्नायू त साध्या ताणानंही फाटून राह्यला. त्या बिचाऱ्या किती बार उठतीन? एक दिवस भरून काढाले कोणी उरणार नाही.”

हे लालबुंद झाले. “मंग औषध काहून नाही बनवून राह्यली तू?”

भाऊ-बहीण आता कायमचे तुटतात, असं मला वाटलं. तरी खरं सांगते, उत्तर मलाही हवं होतं, आणि ते गोड हवं होतं.

“याच्यासाठी वेळेवर बनन, असं मी नाही सांगू शकत,” ताई म्हणाल्या. मग तिथेच फरशीवर बसून त्यांनी सुजितचं पाऊल हातात घेतलं. “पण हे तुले जमते. असं ताणायचं. हळू.”

त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. उठाबशा मात्र बंद झाल्या. त्यानंतर सुजित जी काही वर्षं चालला, ती मी ताईंच्या नावावर धरते.

काल सकाळी हे त्याचं पाऊल ताणत होते. सुजितने विचारलं, “बाबा, आत्या त गेली. आता माह्यं औषध कोण बनवन?”

यांचा हात थांबला. मी दारात उभी होते. आता हे काहीतरी थाप मारतील, असंच मला वाटलं.

“माहीत नाही रे, बापू,” हे म्हणाले. “दुखलं त सांगजो.” आणि पुन्हा ताणू लागले... हळू.