सुब्जोंक्तिफ आणि फोनवरच्या माणसाची आई

चंद्रपूरहून पुण्याला आले तेव्हा माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी होती आणि एक ऐकीव माहिती होती, की फ्रेंच येत असेल तर कॉल सेंटरमध्ये लगेच घेतात. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहायला लागले आणि एरंडवण्यात एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी फ्रेंच शिकायला जाऊ लागले. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. त्या आम्हाला ‘अहो’ म्हणायच्या. त्या ‘अहो’मध्ये आदर किती आणि चिमटा किती, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मला उशीर झाला. मॅडमनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बसच येऊन नाही राहिली होती." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"बस येत नव्हती," त्या म्हणाल्या. "अहो, आधी एक भाषा नीट येऊ द्या, मग दुसरीला हात घालू."

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. तोंड उघडण्याआधी मी आख्खं वाक्य मनात जुळवून, तपासून घ्यायची. फ्रेंचच नाही, मराठीसुद्धा. वाण्याकडे साखर मागतानासुद्धा.

सुब्जोंक्तिफ, म्हणजे क्रियापदाचं इच्छा-भावनेचं रूप, शिकायला आम्ही हिवाळ्यात सुरुवात केली. मॅडमनी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली: ‘तो येतो’ आणि ‘तो यावा’. "पहिली बातमी आहे. दुसरी इच्छा आहे. फ्रेंच माणूस या दोन्हींची सरमिसळ करत नाही." रूप करायची रीत सोपी होती. ‘ते’चं वर्तमानकाळी रूप घ्यायचं, त्याच्या शेपटाची जी अक्षरं उच्चारतच नाहीत ती कापायची आणि नवे प्रत्यय लावायचे. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत मध्ये एक ‘इ’ घुसते. मग उनाड मुलांसारखी काही क्रियापदं होती, ती कुठल्याच नियमात बसायची नाहीत. ‘असणे’चं स्वा, ‘करणे’चं फास, ‘जाणे’चं आय. ती नुसती घोकायची.

मी घोकली. आंघोळ करताना, बसमध्ये, डब्याच्या रांगेत. अडलं ते दुसरीकडेच. इच्छा आणि गरज ठीक होती, पण मॅडम म्हणाल्या, मनातली भावना सांगितली की तिच्या ‘क’नंतरही सुब्जोंक्तिफच. मराठीत ‘की’ असतं तसा फ्रेंचमध्ये ‘क’.

"पण मॅडम, तो आला याचा मला आनंद झाला, म्हणजे तो आलाच ना? ती तर बातमी आहे."

"बातमी आहे, पण तुम्ही ती सांगत नाही आहात. तुम्ही स्वतःबद्दल सांगताय," मॅडम म्हणाल्या. मला ते तेव्हा कळलं नाही. मी फळ्यावरची यादी उतरवून घेतली: मला आनंद आहे की, मला दुःख आहे की, मला भीती वाटते की. आनंद पहिला होता, म्हणून तो सगळ्यात पक्का झाला.

उन्हाळ्यात नोकरी लागली. हडपसरच्या पुढे, मांजरी गावाच्या अलीकडे एक नवी काचेची इमारत होती आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही फ्रान्समधल्या लोकांच्या प्रिंटरच्या तक्रारी ऐकायचो. फोनवर वापरायला मला एक फ्रेंच नाव दिलं होतं. कुठून बोलता असं कुणी विचारलं तर पॅरिसजवळून, असं सांगायचं. संगणकाच्या कोपऱ्यात पॅरिसचं हवामान दिसायचं, म्हणजे गप्पा मारताना गडबड व्हायला नको. आमचा टीम लीडर माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा, पक्का पुणेकर, शाळेत आठवीपासून फ्रेंच घेतलेला. त्याला काहीच जुळवावं लागायचं नाही, तो नुसता बोलायचा.

दक्षिण फ्रान्समधल्या कुठल्याशा गावातून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या प्रिंटरचा एक भाग बदलून द्यायचा होता आणि तो पोहोचला नव्हता. तक्रार मीच लिहून घेतली होती, म्हणून फोन माझ्याकडे आला. आवाज थकलेला होता. ते बराच वेळ बोलले. प्रिंटर का हवाय, दवाखान्याचे कुठले कागद काढायचेत, आई कशी पडली, आता ती कशी आहे. मला ‘आई’ आणि ‘आजारी’ हे दोन शब्द कळले आणि माझी वाक्य जुळवायची यंत्रणा सुरू झाली. भावना. ‘क’. म्हणजे ‘आहे’ नाही चालणार, ‘स्वा’ पाहिजे. ते बोलतच होते आणि मी इकडे ‘स्वा’ घट्ट धरून बसले होते. ते थांबले तशी मी म्हटलं,

"ज स्वी कोंतांत क व्होत्र मेर स्वा मालाद."

तुमची आई आजारी आहे याचा मला आनंद आहे.

पलीकडून मग, "पार्दों?"

मॅडमनी शिकवलं होतं, समोरचा ‘पार्दों’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, असं म्हणाला की समजायचं, तुमचे नाकातले उच्चार गेले खड्ड्यात. म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सावकाश, स्पष्ट, ‘कोंतांत’वर जोर देऊन. आणि ‘स्वा’ बरोबर आलं म्हणून मनातून खूशही होते.

"मादाम," ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही माझी थट्टा करताय का?"

तेव्हा कुठे माझं वाक्य माझ्या कानावर पडलं. ‘नाही, नाही’ एवढंच फ्रेंच मला येत होतं. मी होल्डचं बटण दाबलं, म्हणजे त्यांना वर आणखी संगीत ऐकवलं, आणि उठून टीम लीडरकडे गेले. त्याने माझ्या खुर्चीवर बसून हेडफोन लावला आणि चार वाक्यांत सगळं निस्तरलं. फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी तुझ्या नावाने तक्रार केलीय," तो म्हणाला. "म्हणजे त्या दुसऱ्या नावाने."

टीमच्या मीटिंगमध्ये ते रेकॉर्डिंग वाजवलं. नाव न घेता, ‘शिकण्यासाठी’. आवाज तर सगळे ओळखत होते. पहिल्यांदा वाक्य आलं तेव्हा दोघं-तिघं हसले, दुसऱ्यांदा ते सावकाश आणि ठसठशीत आलं तेव्हा आख्खी खोली हसली. आणि मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने, जणू ती बाई कुणी दुसरीच होती. हसता हसता रेकॉर्डिंगमधला त्या गृहस्थांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. आई स्वयंपाकघरात पडली होती. तास-दीड तास ती फरशीवर होती आणि हे बाजारात गेले होते. हे त्यांनी मला, एका प्रिंटरवाल्या बाईला, सांगितलं होतं. मी हसायची थांबले, पण तोंड तसंच हसरं राहिलं. ते बंद कसं करायचं ते कळेना.

रविवारी वर्गाला जावंसं वाटत नव्हतं, तरी गेले. मॅडमनी भावनेची वाक्यं विचारली. माझी पाळी आली तशी मी वही मिटली. वर्ग सुटल्यावर त्यांनी थांबवून घेतलं, आणि मी सगळं सांगितलं. त्या ‘येऊन राहिली’वाल्या मराठीतच सांगितलं, जुळवाजुळव करायचं त्राण नव्हतं. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

"क्रियापद बरोबर होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, पाणी आणलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. मग म्हणाल्या, "अहो, ज स्वी देझोले. मला वाईट वाटतं. एवढं म्हणायचं आणि ‘क’च्या आधी थांबायचं. ज्याची आई आजारी आहे त्याला आपलं व्याकरण कशाला ऐकवायचं?"

पुढच्या आठवड्यात तो भाग पोहोचल्याची नोंद आली. ज्याने तक्रार घेतली त्यानेच फोन करून ती बंद करायची, असा नियम होता. मी टीम लीडरला विचारलं, तू करशील का? तो म्हणाला, "तू कर. ‘आनंद’ सोडून काहीही बोल."

मी ‘ज स्वी देझोले’ मनाशी दहादा म्हणून घेतलं आणि फोन लावला. उचलला एका म्हाताऱ्या बाईने. मुलगा बाहेर गेलाय, म्हणाली, पण ते पार्सल आलंय आणि यंत्र चालतंय. मी विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात, मादाम?"

"मी?" ती म्हणाली. तिला नवल वाटलं असावं. मग ती बोलत सुटली. कमरेचं हाड, दवाखान्यातलं अळणी सूप, शेजारच्या खाटेवरची घोरणारी बाई. मला निम्मं समजलं असेल. या वेळी मी काहीच जुळवत नव्हते, नुसती ऐकत होते. मुलाने तिला फोनवरच्या त्या बाईबद्दल सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. मी माफी मागितली नाही. धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर ती माझ्याशी इतकं गोड बोलत होती की तो गोडवा मला घालवायचा नव्हता.

"तू कुठून बोलतेस, पोरी?" तिने विचारलं.

"पॅरिसजवळून."

"काय म्हणतंय तिकडचं हवामान?"

समोरच्या काचेबाहेर मांजरीचा ऊस उन्हात पांढरट दिसत होता आणि त्याच्या कडेला एका नव्या सोसायटीचे खांब उभे राहत होते. मी संगणकाच्या कोपऱ्यात पाहिलं.

"पाऊस आहे, मादाम."

"मग घरी जाताना छत्री घे हो," ती म्हणाली. "डोकं भिजवू नकोस. सर्दी होईल."

मी ‘मेर्सी’ म्हटलं. मग बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिले. तिने ‘अलो, अलो’ केलं आणि थोड्या वेळाने फोन ठेवला.

पुढे मला फोनवरून काढून ईमेलवर टाकलं. तिथे माझं बरं चाललं. लिहायला वेळ मिळायचा आणि माझ्या सुब्जोंक्तिफमध्ये कुणाला चूक सापडायची नाही. त्या म्हाताऱ्या बाईचा फोन लांबला म्हणून त्या दिवशी टीम लीडर वैतागला होता. "एवढा वेळ काय बोलत होतीस?" त्याने विचारलं.

"हवामान," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता पाणी प्यायला गेले.