रेल्वेची गोळी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळ. काम : आईबाबांच्या घरातली सगळी औषधं गोळा करून एका खोक्यात भरणे.

सोमवारी सकाळी दहाला टेम्पो येणार होता. दोघांना मी नव्या रायपुरातल्या माझ्या फ्लॅटवर नेणार होते, कायमचं. तीन महिन्यांत बाबा दोनदा पडले होते. एकदा न्हाणीच्या दारात, एकदा फाटकापाशी. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायचे. ऐंशीच्या पुढचा माणूस, त्यात आईचे गुडघे. ह्या दोघांना आता एकटं ठेवता येणार नाही, असं मी ठरवलं आणि त्यांना सांगितलं. विचारलं नाही. आई दोन दिवस रडली. बाबा बोलेनासे झाले. ते ह्या पाऱ्यात, ह्याच मोहल्ल्यात, रेल्वेच्या नोकरीपासून राहत आलेले. माझ्या गॅलरीतून रुंद रस्ता दिसतो आणि त्यावर चालणारं कोणी दिसत नाही, हे त्यांनी एकदा येऊन बघितलं होतं. "तिकडं बोलाले कुत्रंही भेटत नाही," एवढंच म्हणाले.

मी थकले होते, हेही खरं. ऑफिस सुटलं की इकडे यायचं, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरायचा, परत जायचं. फोन वाजला की आधी एकच विचार, पडले का.

तर औषधं. ती एका जागी असतील अशी माझी समजूत होती, कारण चार महिन्यांपूर्वी मीच ती एका जागी ठेवली होती. तेव्हा बाबांना एका खाजगी डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी जुने कागद बघून सगळी औषधं नीट एका चिठ्ठीवर लिहून दिली. मी ती आणली, सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा आणला, खणांवर वार लिहिले, आणि काम झालं असं मानलं. प्रत्यक्षात फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या निघाल्या, तिन्ही उघडलेल्या, दोन मुदत संपलेल्या. टीव्हीखाली खोकल्याची बाटली, झाकणाभोवती मुंग्या. बाबांच्या हिवाळी कोटाच्या खिशात पोटाच्या गोळ्या. गुडघ्याचं मलम उशीखाली. आणि कात्रीने एकेक कापून सुट्या केलेल्या गोळ्या, ज्यांच्यावर ना नाव राहिलं होतं ना तारीख.

"हे कोणी कापलं?"

"मीनंच," आई म्हणाली. "गावाले जातानी पुरं पाकीट कायले न्यायचं?"

"नाव कसं कळणार मग?"

"रंगावरनं कळते ना. तू काहून एवढी चिडून राहिली?"

चिडत नव्हते, मोजूनमापून राग गिळत होते. अर्धं पोतं कचरा निघाला. गोळ्या मोरीत टाकायच्या नाहीत म्हणून सगळं एका पिशवीत बांधलं आणि वर 'औषध नाही' असं लिहिलं, कारण आईचा भरवसा नाही, ती उघडून काहीतरी परत ठेवून घेईल.

शेवटी स्वयंपाकघर राहिलं. आई म्हणाली, तिथं काही नाही. मी तरी बघितलं. चहा-साखरेच्या डब्यांमागे एक स्टीलची डबी होती. त्यात एकसारखी पाच पाकिटं, रबर लावून.

"आणि हे काय?"

"ते रेल्वेची गोळी होय."

"कसली रेल्वेची गोळी?"

"अवो, तुह्या बाबाची. बीपीची. रिटायर झाले तवापासून घेऊन राहिले ना ते."

मी सात खणांचा डबा घेऊन आले. सोमवारच्या खणातून बीपीची गोळी काढली, तिचं पाकीट शोधलं, दोन्ही पाकिटं उजेडात शेजारी धरली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, पुढचं मोठं नाव वेगळं. मागे बारीक अक्षरात दोन्हीवर टेल्मिसार्टन. दोन्हीवर चाळीस.

एकच औषध, दोन नावांनी.

"आई, ही तू कधी देते?"

"सकाळी. चहाच्या आंधी."

"रोज?"

"तं काय. एक दिवस नाही चुकवली."

"आणि माझ्या डब्यातल्या?"

"त्या नाश्त्यानंतर. तू सांगतलं तसंच. थे डॉक्टरच्या गोळ्या, हे रेल्वेची."

तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. तिच्या लेखी रेल्वेची गोळी हे औषध नव्हतंच. पेन्शनसारखी ती हक्काची गोष्ट होती. बाबा दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून ऑटोने रेल्वेच्या दवाखान्यात जात, रांगेत उभे राहत, बरोबरीचे कोण उरलेत ते बघत, चहा पिऊन पाकिटं घेऊन येत. डॉक्टर बदलला म्हणून हक्क कोण सोडतो? आणि मी डबा भरला तेव्हा घरात आधीचं काय आहे ते विचारलं नव्हतं. नवीन चिठ्ठी आली म्हणजे जुनं बंद, हे मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. डब्याच्या खणांवर वार मात्र सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

चार महिने. पहिलं पडणं ऑगस्टमधलं.

डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं, दोन्ही पाकिटांवरचं वाचून दाखवलं. आज दुसरी गोळी गेली का, त्यांनी विचारलं. गेली होती, दोन्ही गेल्या होत्या. उठताना एकटं सोडू नका, पाणी देत राहा, चक्कर वाढली तर लगेच आणा, नाहीतर उद्या सकाळी एकच गोळी देऊन घेऊन या, असं म्हणाले. मग म्हणाले, पडण्याचं कारण हेच असेल असं लगेच धरून चालू नका. मी बरं म्हटलं.

आई दारात उभी होती. "मीनं मारलं असतं का वं त्याइले?"

"आपण दोघींनी," मी म्हटलं. "तू बस आता. रडू नको, मला अजून कपडे भरायचे आहेत."

पण कपडे मी भरले नाहीत. रात्र तिथेच काढली.

सकाळी उठून बाबांना एकच गोळी दिली आणि समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पाकिटं हातात घेतली, चष्मा वर करून वाचली.

"म्हणजे मी म्हातारा नव्हतो झालो," ते म्हणाले. "तुमी दोघींनी केलता."

"थोडे झालेच आहात, बाबा."

"थोडा चालते."

आठला टेम्पोवाल्याला फोन केला. आज येऊ नको म्हटलं. "तो कब आऊँ, दीदी?" मी म्हटलं, मालूम नहीं, मैं बताऊँगी. आगाऊ दिलेले परत मिळणार नाहीत, म्हणाला. ठेव म्हटलं.

ऑफिसला रजा कळवली. दोन्ही पाकिटं आणि चिठ्ठी पिशवीत घातली, बाबांना गाडीत बसवलं. डॉक्टरांनी बसवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभ्याचं बरंच खाली होतं. रेल्वेची किंवा ही, कुठलीही एकच चालेल, म्हणाले. पंधरा दिवसांनी परत बघू, तोवर काही ठरवू नका.

"रेल्वेची," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

घरी आलो. चहा-साखरेचे डबे सोडले तर आईचा स्वयंपाकघराचा सगळा संसार टेम्पोसाठी दोन पोत्यांत बांधलेला होता. बारा वाजत आले होते आणि दोघांना वेळेवर जेवण लागतं. मी पहिल्या पोत्याची दोरी कापली, कुकर काढला, तांदूळ धुतले.