ह्यांच्या डोळ्यातल्या नव्या पेशी

आमच्या ह्यांना काही वर्षं माझा चेहरा दिसतच नव्हता. कान दिसायचे, अंबाडा दिसायचा, साडीचा काठही दिसायचा. मधोमध मात्र करडा डाग. डोळ्याच्या पडद्यामागचा, त्याला पोसणारा थर मधल्या भागात मरत चालला होता. इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, हे खुशाल भलत्याच बाईसमोर जाऊन बसायचे आणि वर मला ऐकवायचे, "तिचे कान तुझ्यासारखेच होते."

मी कुठल्या तोंडानं बोलणार? हे मला पाहायला आले त्या दिवशी बाईसाहेबांना सुंदर दिसायचं होतं, म्हणून जाड भिंगांचा चष्मा उशीखाली. मुरकत मुरकत पोह्यांची पहिली बशी धरली ती ह्यांच्या मामांपुढे, आणि अशी काही लाजले की मामा बिचारे घाम पुसायला लागले. नवरा नीट पाहिला तो साखरपुड्याच्या फोटोत.

मुलीनं खटपट करून ह्यांना एका नव्या उपचाराच्या चाचणीत घ्यायला लावलं. वन-नॉर्थ भागातल्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या आणि त्यांचा पातळ पापुद्रा एका डोळ्यात पडद्याखाली बसवायचा. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं, पेशी रुजतील किंवा नाही रुजणार. रुजल्या तरी नजर येईलच असं नाही.

"वाढवतात कशा?" मी मुलीला विचारलं.

"थोड्या पेशी घ्यायच्या, बशीत, उबेत ठेवायच्या."

"म्हणजे विरजण."

"आई, प्लीज. डॉक्टरांसमोर नको."

ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्याला धक्का नको, एवढंच सांगून घरी पाठवलं. बाकीचं मी माझ्या अकलेनं वाढवलं. एसी बंद. ह्यांच्या अंगावर शाल, डोक्याला कानटोपी.

"अगं, हे सिंगापूर आहे. महाबळेश्वर नाही."

"गारठ्यात लागत नाही."

"काय लागत नाही?"

"बोलू नका. हलतं."

ह्यांना हसवायला नातीला बंदी होती. दारातूनच ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, आजोबा इज नॉट दही, ला." हे शालीच्या आत गदगदून हसले आणि मी दोघांवर डोळे वटारले.

तपासणीच्या दिवशी ह्यांच्या मानेवर घामोळं उठलेलं. का, ते मुलीनं खाली मान घालून इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाई ओठ दाबून बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, पेशी जागेवर आहेत, आणि डोळ्याच्या आत पुरेशी ऊब असते, एसी लावा. दिसतं का, ते हळूहळू कळेल.

मग रोज सकाळी चहा घेऊन मी समोर बसायला लागले. विचारायचं नाही असं ठरवून बसायचे आणि पहिल्या घोटालाच विचारायचे, "काही?"

"कान," हे म्हणायचे. मी बिस्किटाचा डबा पुढे सरकवायचे. आत कुठेतरी खचायचे, पण ते ह्यांना कळू द्यायचं नव्हतं. चेहऱ्यावरून कळणारच नव्हतं म्हणा, आवाज तेवढा सांभाळायचा.

एका सकाळी ह्यांनी कप खाली ठेवला. दुसरा डोळा हातानं झाकून पुढे झुकले.

"मध्ये काहीतरी आहे."

"काय?"

"नाक असावं. धूसर आहे." बराच वेळ बघत राहिले. "एवढं मोठं होतं का गं?"

"वयाबरोबर वाढतं," मी म्हटलं. आवाज काही सांभाळता आला नाही. "अहो, दुसऱ्या डोळ्याचंही विचारू या का डॉक्टरांना?"

"विचारू सावकाश. आधी हे नीट बघून होऊ दे."